कॅरियरवरचा घेवडा

द्वारका, नाशिक
मंगळवार, दुपार

प्रिय पुंजा,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. माझ्या तोंडात दुसरा शब्द आला होता, पण हे पत्र तुझ्याकडे आपली नात निकिता घेऊन येणार आहे, म्हणून तो कागदावर उतरवला नाही. तुझ्या दीपकच्या आणि माझ्या संजनाच्या लग्नात आपण ठरवलं होतं की आता व्याही झालो, तर इथून पुढे अहो-जाहो करायचं. वीस वर्षं तू मला 'धोंडीरामभाऊ, बसा' म्हणालास, मी तुला 'पुंजाभाऊ, घ्या ना अजून एक पोळी' म्हणालो, आणि माणसं पांगली की दोघंही पोट धरून हसलो. आज मी तुला तूच म्हणणार आहे. व्याह्याशी भांडायचं तर शब्द निवडून घ्यावे लागतात, आणि तेवढा धीर आज मला नाही. फोन तू उचलत नाहीस. घरी आलो तर मागच्या दारानं गोठ्यात जातोस आणि म्हशीशी बोलत बसतोस. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं लिहिणं-वाचणं ट्रकमधल्या मालाच्या बिल्ट्यांवर आणि रद्दीतल्या पेपरांवर आलेलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. तू तर तिसरीतच पळाला होतास.

आधी घेवड्याचं बोलतो, कारण दोन दिवस डोकं त्यानंच फिरलंय. रविवारी निकिता आली होती. मोबाइलवर नव्या होडीचे फोटो दाखवत होती, तुमच्या अंगणात काढलेले. होडीच्या मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं काहीतरी मला ओळखीचं वाटलं. म्हटलं, पोरी, हे जरा मोठं कर. तिनं दोन बोटांनी मोठं केलं आणि माझं कॅरियर दिसलं. बोलेरोच्या टपावरून उतरवून तू ते भिंतीला उभं केलंस आणि त्याच्यावर घेवड्याचा वेल चढवलास. लेका, चार दिवस खपलो होतो मी त्याच्यासाठी. होडीच्या फायबरला कोपरा घासू नये म्हणून सगळा गोल पाइप वाकवून घेतला, जिथं होडी टेकणार तिथं टायरच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, त्याच्यावर आमच्या कुसाबाईनं जुन्या गोधडीच्या पट्ट्या शिवून दिल्या. वेल्डिंग मला कुणी शिकवलेलं नाही, इथल्या गॅरेजांसमोर उभं राहून बघून बघून शिकलोय. त्या कॅरियरपायी शेवटच्या दिवशी माझे डोळे टोमॅटोसारखे झाले होते आणि मी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडलो होतो. त्याच्यावर घेवडा. आणि वरून कळस असा, की गेल्या आठवड्यात संजनानं पिशवीभर शेंगा पाठवल्या, कुसाबाईनं शेंगदाण्याचं कूट लावून भाजी केली, मी दोनदा वाढून घेतली आणि सुनबाईच्या हाताला गुण आहे हो पुंजाच्या, असं स्वतःच्या पोरीबद्दल म्हणालो. कुठल्या मांडवावरच्या शेंगा ते रविवारी कळलं.

आता दुसरं ऐक, आणि नीट कान देऊन ऐक. निकिता फोटो दाखवायला आलेली नव्हती. येत्या रविवारी तिची पुन्हा निवडचाचणी आहे, पुण्यालाच, त्याच तळ्यावर. पट्टा लावलेली कापडी पिशवी मांडीवर घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "नाना, या वेळी गाडीवर होडी तुम्ही बांधायची. आबांनी हात लावायचा नाही." वाचलंस? तुझ्या घरातली, तुझ्या म्हशीचं दूध पिऊन वाढलेली पोर द्वारकेला दुसऱ्या आजाकडे येऊन सांगते, की माझ्या आबांवर माझा भरवसा नाही. मी काय म्हणालो ते पुढे सांगतो. आधी तुझं माप काढून घेतो.

सटाण्याच्या बाजारात आपली गाठ पडली तेव्हा मी कांद्याचा ट्रक चालवत होतो आणि तू भरलेल्या ट्रकवर दोर बांधत होतास. गोण्यांच्या डोंगरावर अनवाणी उभा, तोंडात विडी, खांद्यावर दोराचं वेटोळं. तुझ्यासारखा दोर बांधणारा अख्ख्या बागलाणात नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आज रागातही म्हणतो. दोर ताणून झाला की तू त्याला बोटानं टिचकी मारायचास, कान लावायचास आणि त्या आवाजावरून सांगायचास की कुठल्या बाजूला ढिला आहे. "कांदा बोलस नाही, दोर बोलस," असं तू तुझ्या अहिराणीत म्हणायचास आणि मी तुझी थट्टा करायचो, की तुझं लग्न दोराशीच लावून देऊ. आपला एक नियम होता, आठवतोय ना? पहिल्या चहाला गाडी थांबली की दोर ओढायचा, कारण तोवर गोण्या बसलेल्या असतात आणि दोर सैल पडतो. पण ओढायचा तो ज्यानं बांधला त्यानंच. दुसऱ्या कुणी गाठीला हात लावला, तर त्यानं बांधणाऱ्याला सांगायचं, आणि ते चहा घशाखाली जायच्या आत सांगायचं. एकदा मनमाडच्या एका ड्रायव्हरनं न सांगता तुझी गाठ आवळली, तर पुढे तीन महिने तू त्याच्या गाडीवर चढला नाहीस. एवढा तुझा तोरा. हमालीतला मोठा सरदारच की नाही.

म्हणून तर निकिताला होडीचं वेड लागलं तेव्हा ती गाडीवर बांधायचं काम आपसूक तुझ्याकडे आलं. गंगापूर धरणाच्या पाण्यावर ती शिकायला जायला लागली तेव्हा चौदाची होती. सतरा फूट लांब, बसायला ताटाएवढी जागा, आणि वजन म्हणशील तर भरलेल्या घागरीएवढं. मी होडी म्हटलं की ती लगेच म्हणायची, "नाना, कयाक." आणि मी म्हणायचो, तू पाण्यात बसशील तेव्हा कयाक, गाडीवर असेल तोवर होडी. पहिल्यांदा ती आपण तुझ्या बोलेरोवर चढवली तो दिवस आठव. ऊन लागू नये म्हणून कुसाबाईनं पांढरी चादर दिली होती. उपडी घातलेली, पांढऱ्यात गुंडाळलेली, दोन ठिकाणी बांधलेली, मागच्या टोकाला लाल खण फडफडतोय. द्वारकेच्या सिग्नलला एक म्हातारा टोपी काढून, हात जोडून उभा राहिला. तू काच खाली करून त्याला म्हणालास, "बाबा, आजून वेळ शे, होडी शे ती." निकिता मागच्या सीटवर हसून हसून आडवी झाली. दुसऱ्या खेपेपासून कुसाबाईनं फुलाफुलांची चादर काढली.

हे गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझी नाटकं सांगायची आहेत म्हणून लिहितोय. तिच्या सरांनी सांगितलं, की होडी फायबरची आहे, आवळायची नाही, पट्टीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. झालं. चाळीस वर्षं गोण्या आवळणारा माणूस आठ दिवस अंगणात रिकाम्या माठावर खाटेची निवार बांधून सराव करत बसला. येणारा-जाणारा विचारायचा, पुंजाबाबा, माठ पळून चाललाय का. मी तर गावभर सांगत सुटलो होतो. आणि वर ती तुझी नवी युक्ती, की पट्टी सरळ बांधायची नाही, वरून घेताना तिला एक पीळ द्यायचा. मी विचारलं हे काय, तर म्हणालास, "राहू दे, तुला नाही कळायचं." चौथी शिकलेल्याला तिसरी शिकलेला म्हणतो, तुला नाही कळायचं. ते वाक्य मला किती झोंबलं होतं ते तुला माहीत नसेल. आता असू दे माहीत.

आता त्या दिवसाचं. चौदा महिने झाले, दिवाळी नुकतीच सरली होती. तू होडी बांधलीस, मी बघत उभा होतो. उजाडताना निघालो. तू चालवत होतास, मी शेजारी, निकिता मागे कानात वायरी घालून झोपलेली. सिन्नर गेलं, नांदूर शिंगोट्याला चहाला थांबलो, भजी खाल्ली, तू हात धुवायला आणि पलीकडे जाऊन यायला बराच वेळ लावलास. पुढे निघालो आणि तुझी पट्टी वाजायला लागली. घूंऽऽ करत, संगमनेर गेलं, चंदनापुरीचा घाट गेला, नारायणगाव आलं तरी घूंऽऽ. टपावर मधमाश्यांचं पोळं घेऊन चाललोय असं वाटत होतं. कसली रे तुझी कारागिरी. आणि तळ्यावर पोचलो तेव्हा तर तू आपल्या सगळ्यांचं नाक कापलंस. बाकीची पोरं आपापल्या गाड्यांवरून होड्या उतरवत होती, बकलाचे पट्टे, एका बोटानं टक्कन उघडायचे. आणि आमचा सरदार टायरवर एक पाय देऊन वर चढलेला, मागच्या पट्टीची गाठ सुटेना, म्हणून दातानं सोडतोय. दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली. निकितानं ते पाहिलं आणि मान फिरवली. मीही फिरवली.

पुढचं तुला सांगायला नको, पण मी लिहिणार आहे, कारण चौदा महिन्यांत आपल्यापैकी कुणी ते तोंडातून काढलेलं नाही. हजार मीटरची शर्यत. सहाशेपर्यंत पोर दुसरी होती. आपण दोघं काठावर, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. मग तिची होडी जड व्हायला लागली. लांबून कळत होतं. वल्हं तेवढ्याच जोरानं पडतंय आणि होडी पुढे जात नाही, शेपूट खाली चाललीय. सातशेच्या पुढे ती कलंडली आणि पोर पाण्यात. अंगात तरंगायचं जाकीट होतं, वाचवणारी मोटारबोट शेजारीच होती, म्हणून जिवाला काही झालं नाही. होडी काठावर आणून उपडी केली तर तळाला, बसायच्या जागेखाली, वीतभर चीर. मागची पट्टी जिथून गेली होती बरोबर तिथं. सर म्हणाले, आधीपासून केसाएवढी गेलेली असणार, पाण्यात जोर लागल्यावर उघडली. निकिता डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसली होती. रडली नाही. एवढंच विचारलं, "कुणी बांधली होती?"

आणि मी म्हणालो, "आबांनी."

खोटं होतं का? बांधली तूच होतीस. पण मी तिथं थांबलो नाही. तुला सगळ्यांसमोर म्हणालो, "हमालाचा हात तो हमालाचाच. पोरीची होडी म्हणजे काय कांद्याच्या गोण्या वाटल्या का तुला?" तिचे सर ऐकत होते, ती कोपर मारणारी पोरं ऐकत होती. तू माझ्याकडे बघितलंस. मग निवार हातावर गुंडाळलीस, नीट, चार बोटांवर, नेहमी गुंडाळतोस तशी, आणि सीटखाली ठेवलीस. घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. तेव्हापासून बोलला नाहीस.

तुझं ते न बोलणं मला किती वळणांनी भेटलं सांगू? कुसाबाईच्या मोतीबिंदूच्या वेळी तू पपई घेऊन आलास, तिच्याशी अर्धा तास बोललास आणि मी समोर बसलेला असताना तिला म्हणालास, "कुसाबाई, त्यांना सांगा, खुर्ची उन्हात आली, सरकवून घ्या." त्यांना. मी त्यांना झालो. दिवाळीला फराळाचा डबा आला, त्यात माझ्या आवडीच्या कडक शंकरपाळ्या वेगळ्या बांधलेल्या, आणि डबा घेऊन दीपक एकटाच. तुला वाटतं असं वागलं म्हणजे माणूस मोठा होतो. माझ्या मते हा शुद्ध छळ आहे. मारलं असतंस तर बरं झालं असतं. गावातल्या चार लोकांना गोळा करून मला शिव्या दिल्या असत्यास, मी चार परत दिल्या असत्या, आणि पाडव्यापर्यंत आपण एका ताटात जेवलो असतो. ते तुला नको होतं. तुला गोठ्यात म्हशीजवळ बसून चांगलं व्हायचं होतं.

तर निकिता म्हणाली, तुम्ही बांधा. मी हो म्हणालो. छाती पुढे काढून हो म्हणालो. म्हटलं, पोरी, नवं कॅरियर करतो, आबाच्या मांडवाची आपल्याला गरज नाही. ती गेली आणि काल दुपारी मी खाटेची निवार सोडवून घेतली. माळ्यावरचा माठ काढला. म्हटलं, पुंजा आठ दिवस करत होता, आपण एक दिवस करून बघू. पायरीवर माठ उपडा घातला, पट्टी टाकली, दोन बोटं जातील एवढी बांधली. बरी दिसली. पण मला ती ढिली वाटली. मला सगळंच ढिलं वाटतं पुंजा, ट्रकवाल्याचा हात आहे. म्हणून पाय लावला आणि जरा ओढली. आणि माठ बोलला. फुटला नाही, नुसता बोलला. टक.

कुसाबाई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं बाहेर आली. माठाकडे बघितलं, तळापासून काठापर्यंत गेलेली चीर बघितली. "घालवलात? उन्हाळ्यात काय पिणार, पट्टी?" असं म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं हो, असं पांढरं तोंड का केलं?" कारण तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता.

नांदूर शिंगोट्याला. तू पलीकडे गेला होतास, निकिता झोपलेली होती. मी गाडीला टेकून चहा पीत होतो आणि तुझा तो पीळ माझ्या डोळ्यांत खुपत होता. पहिला चहा, हात शिवशिवत होते. वर 'तुला नाही कळायचं' हे डोक्यात होतंच. मी टायरवर चढलो, मागच्या पट्टीची गाठ सोडली, पीळ काढला, पट्टी सरळ केली आणि पाय लावून ओढली, कांद्याच्या ट्रकला ओढतात तशी. टक झालं. मी मनाशी म्हणालो, कॅरियर बोललं असेल. माझंच कॅरियर, माझंच वेल्डिंग, ते बोलत नाही हे मला माहीत होतं. वर माझी ती दोन वेढ्यांची, शेपूट आत खोचलेली गाठ मारली आणि खाली उतरून उरलेला चहा प्यालो. तुला सांगितलं नाही. चहा घशाखाली गेला.

पीळ वाऱ्यासाठी होता ना? सरळ पट्टी वाऱ्यात वाजते, पिळाची वाजत नाही. हे मला काल कळलं, निकिताच्या सरांना फोन करून विचारल्यावर. नांदूर शिंगोट्यापर्यंत ती वाजली नव्हती. तुझ्या कानाला ते लगेच कळलं असणार, ज्याला टिचकीवरून ढिला दोर ओळखता यायचा त्याला. तू गाडी हळू केलीस. "धोंड्या, पट्टीला हात लावला का?" असं मला सरळ विचारलंस. आणि मी म्हणालो, "वारा फिरलाय." तू माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंस आणि गाडी परत वेगात घेतलीस. मग तळ्यावर वर चढलास आणि तुझ्या हाताला माझी गाठ लागली. ज्या माणसाची गाठ एका झटक्यात सुटते, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दात लावले. मी तिकडे मान फिरवून उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत होतो. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं. निकितानं विचारलं तेव्हा माहीत होतं. मी तुला हमाल म्हणालो तेव्हा माहीत होतं.

आणि तू गप्प बसलास. का रे? तुझी तेवढी एकच चूक आहे, की गाडी थांबवून वर चढून बघण्याऐवजी तू माझ्या शब्दावर विसंबलास, आणि त्या खोट्या शब्दाचं फळही तू मला भोगू दिलं नाहीस. तुला कुणी विचारलं होतं माझी अब्रू राखायला? नानाची खोटी इज्जत तिच्या डोळ्यांत राहावी म्हणून स्वतःची घालवलीस. त्या पोरीनं चौदा महिने तुला होडीपाशी फिरकू दिलं नाही. तिनं होडी धुवायला काढली की तू अंगणातून उठून जायचास, संजना मला फोनवर सांगायची आणि मी इकडे म्हणायचो, जाऊ दे, शिकेल म्हातारा. तू एक वाक्य बोलला असतास तर मी दोन दिवस भांडलो असतो आणि तिसऱ्या दिवशी कबूल झालो असतो. तू बोलला नाहीस, म्हणून मी चौदा महिने खरा ठरत राहिलो. माझा राग गेलेला नाही, पुंजा, लिहितानाही गेला नाही. माफी मागताना हात जोडतात म्हणे. माझ्या हातांना तुझी गचांडी धरावीशी वाटतेय.

शनिवारी दुपारी चारला मी येतोय. कॅरियर पुन्हा टपावर चढव. वेल उपटू नकोस, एवढ्या शेंगा लागल्यात. दोन काठ्या रोव आणि हळूच त्यांच्यावर वळव, कुसाबाई येईल माझ्याबरोबर, तिला ते जमतं. होडी तू बांध, पीळ देऊन. मी गोठ्यापाशी खाटेवर बसेन, हात मांडीखाली घालून. रविवारी मला गाडीत घेतलंत तर पहिल्या चहाला मी खाली उतरणार नाही, चहा आत आणून द्या.

हे सगळं तुला ठाऊकच होतं, मग एवढे कागद कुणासाठी काळे केले, असं तू म्हणशील. निकिता उद्या कॉलेज सुटल्यावर येणार आहे, कॅरियरची मापं घेऊन. तिला समोर बसवून सांगावं असं ठरवलं होतं. आज सकाळी ती फोनवर होती तेव्हा दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'जेवलीस का' एवढंच निघालं. म्हणून हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. तिच्या हातात देईन आणि सांगेन, पोरी, घरी नेण्याआधी वाच, आमच्या पायरीवर बसून वाच, तो तडकलेला माठ अजून तिथंच आहे. नंतर आबांना द्यायचं की नाही ते तू ठरव. तेव्हा पुंजा, हे पत्र तुझ्या हातात आलं असेल, तर तिनं ते वाचलेलं आहे. ती तुझ्यासमोर उभी असेल. माझं राहू दे, तू आधी तिच्याशी बोल.

तुझाच,
ज्याची गाठ तुला दातानं सोडावी लागली तो
धोंडीराम